आवाजातली धाप

१६ जानेवारी २००५, रविवार

बग आलाय. रश्मीच्या आवाजावर!

पुण्याच्या कुणा प्रियांकाने टाकलाय. तोंड कधी पाहिलेलं नाही, पण आमच्या मेलिंग लिस्टवर रोज असते, जिथे एकाची मेल सगळ्यांना जाते. लिहिते — 'मराठी आवाजात प्रत्येक वाक्याच्या आधी श्वास घेतल्याचा आवाज येतो. काही ठिकाणी तर धाप लागल्यासारखा. कृपया काढावा.'

कृपया म्हणे! माणूस बोलायच्या आधी श्वास घेतो, बाई. तू घेत नाहीस?

उत्तर दिलं नाही. डोकं तापलेलं असताना मेल लिहायची नाही, एवढं त्या लिस्टवर भांडून भांडून शिकलोय.

१८ जानेवारी

उत्तर पाठवलं. 'हा दोष नाही. मूळ ध्वनिमुद्रण जसंच्या तसं ठेवणं हे मेंटेनरचं काम आहे.' इंग्रजीत हे फारच भारदस्त वाटतं.

आई विचारते, "सकाळपासनं कोनाशी भांडतोस रे त्या डब्यात?" तिला समजेल असं सांगितलं. आमची सिस्टीम कोणा कंपनीची नाही. जगभरची माणसं फुकटात प्रोग्राम लिहितात. भात त्यांचं. ते सडायचं, पाखडायचं, पिशवीत भरून लोकांपर्यंत पोचवायचं, हे माझ्यासारख्या मेंटेनरचं काम. त्या पिशवीला पॅकेज म्हणतात. पिशवीत खडा निघाला की लोक तक्रार करतात, तो बग.

"मग खडा निवडून टाकायचा. भांडन कशाला?"

म्हटलं, खडा नाय तो, आई. कसली तक्रार आहे ते मात्र सांगितलं नाही तिला.

२३ जानेवारी, रविवार

माझा दोस्त शेखर आला होता कसाऱ्याहून. घाटात सुरुंगाच्या कामावर त्याचे दोन्ही डोळे गेले, त्याला आता बरीच वर्षं झाली. शहापूरला एका ऑफिसात टेलिफोनवर बसतो. हे पॅकेज मुळात त्याच्यासाठीच केलं मी. पडद्यावरची अक्षरं वाचून दाखवणारा प्रोग्राम होता, पण त्याला मराठी येत नव्हतं. इंग्रजी आवाज मराठी वाचायला लागला की शेखर म्हणायचा, "सायेब पिऊन आलाय."

मग मराठी आवाज करायचं ठरलं. कोणीतरी वाक्यं म्हणायची, त्यांचे तुकडे जोडून कॉम्प्युटर हवं ते वाचणार. रश्मी बालवाडीत शिकवायची, विहारात वंदनाही तीच सांगायची. दुसऱ्या कोणाचं नाव डोक्यातच आलं नाही. पण घराशेजारी भातगिरणी. ती चालू असली की काही रेकॉर्ड होत नाही. म्हणून लोडशेडिंग! लाइट गेली की गिरणी बंद, पंखे बंद, सगळं शेणवा गाव गप्प. खाटेवर गोधड्यांचा मांडव घालायचो, आत रश्मी आणि सेलवरचा टेपरेकॉर्डर. सगळा गाव लाइट यायची वाट बघायचा आणि आम्ही दोघं जायची. गोधडीत घामाघूम व्हायची ती. दमायची. लहानपणीच्या तापाने हृदयाची झडप खराब झालेली. आमचं लग्न झालं तेव्हापासून जिना चढली तरी दम लागायचा. मुंबईला ऑपरेशनसाठी नाव घातलं होतं.

नंबर यायच्या आधीच गेली. दीड वर्ष होईल आता.

शेखरला बगचं सांगितलं. वाटलं हसेल. हसला नाही. "लोकं काय पन काढतात," म्हणाला आणि चहा मागितला.

३१ जानेवारी

त्या प्रियांकाने तक्रारीमागोमाग औषधही पाठवलं. पॅच. एक छोटीशी स्क्रिप्ट आहे, चालवली की सगळे श्वास आपोआप कापले जातात. पॅकेज हलकं होतं म्हणे. आणि आंधळी माणसं फार वेगाने ऐकतात (शेखर ऐकतो तो वेग तर आपल्याला झेपणारच नाही), त्या वेगात हा श्वास उचकीसारखा वाजतो, दर ओळीला. तिचा भाऊ दिवसभर ऐकतो. तिचा भाऊ आंधळा आहे.

मग लिहिलं, 'तपासून कळवतो.'

तपासणार नाही.

६ फेब्रुवारी

लाइट नाही. फोनही बंद, म्हणजे मेलही नाही. बरं वाटलं.

१३ फेब्रुवारी

दुपारी शहापूरच्या कॉम्प्युटर क्लासला, मी शिकवतो तिथे, सुट्टी होती. घरी बसून मूळ रेकॉर्डिंग लावलं. वाक्यं नाही ऐकली, नुसते श्वास ऐकले. 'उद्या मुरबाडचा बाजार आहे' — त्याच्याआधी अगदी बारीक. 'नदीला पाणी आलं' — त्याच्याआधी मोठा, तुटका. त्या दिवशी अंगात ताप होता आणि तरी म्हणाली, "घे रे, लाइट येईल आता." कॉम्प्युटर जे वाचून दाखवतो ती वाक्यं काय, कोणाचीही आहेत. बातमी, बिल, ऑफिसचं पत्र. श्वास तेवढा तिचा आहे. तोच काढा म्हणतात.

रडलो. इथे लिहायला काय लाज?

आई चुलीपासून उठून आली. "बंद कर ते. मेल्यावर तरी गप बसू दे रे पोरीला." आणि जाऊन ओट्यावर बसली. बंद केलं.

३ मार्च

सिस्टीमची नवी आवृत्ती निघायची आहे. रिलीजवाल्यांनी सगळे जुने बग उकरून काढलेत. आमच्या बगची पायरीच वाढवली — आता तो 'रिलीज अडवणारा'. म्हणजे दोनच वाटा. श्वास काढा, नाहीतर पॅकेज नव्या आवृत्तीतून बाहेर. बाहेर गेलं की शेखरला परत तो पिलेला साहेब.

लिस्टवर नुसता शिमगा चाललाय. एक फिनलंडचा लिहितो, 'मेंटेनर राखणदार असतो, मालक नव्हे.' मोठा आला! ब्राझीलचा एक माझ्या बाजूने उभा राहिला. का, तर प्रियांकाने स्क्रिप्टमध्ये ओळी सरळ लावल्या नाहीत म्हणून. असे आपले कैवारी.

मीही लांबलचक मेल लिहिली. नैसर्गिक बोलणं म्हणजे काय, श्वासाने ऐकणाऱ्याला वाक्य कुठे सुरू होतं ते कसं कळतं, असं बरंच काही. त्यातलं खोटं एकही नाही. पण खरं कारणही एकही नाही.

११ मार्च

आज परत तेच. मी लिहितो, ती लिहिते. ती चिडत नाही, हा आणखी त्रास.

१९ मार्च

प्रियांकाची वेगळी मेल. लिस्टवर नाही, मला एकट्याला. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलंय.

'सतीशदादा, तुम्ही रागावलात का? मला भांडायचं नाहीये. हा आवाज फार गोड आहे, दुसरा कुठलाही आम्हाला नको. ज्या ताईंचा आहे त्यांनाच परत एकदा वाक्यं म्हणायला सांगाल का? मी पुण्याहून चांगला माइक पाठवते.'

माइक पाठवते!

जेवलो नाही. आईला सांगितलं पोट बरं नाही.

२० मार्च

लिस्टवर लिहून टाकलं. सगळ्यांसमोर. 'हा आवाज माझ्या बायकोचा आहे. ती हृदयाच्या आजाराने वारली. परत रेकॉर्ड करता येणार नाही. तिचा आवाज होता तसा राहू द्या.'

पाठवलं आणि लगेच फोनची वायर काढून ठेवली. उत्तरं यायच्या आत.

२२ मार्च

वायर परत लावली. लिस्टवर उत्तरांचा ढीग पडलेला. जपानमधून, पोलंडमधून, ज्यांची नावं मला वाचताही येत नाहीत त्यांच्याकडून. फिनलंडवाल्याने माफी मागितली. रिलीजवाल्यांनी लिहिलं की या पॅकेजला या आवृत्तीपुरती सूट आहे, बग राहील पण अडवणार नाही. प्रियांकाने पॅच मागे घेतला. शेवटी लिहिते — 'भावाला सांगितलं मी. तो म्हणाला, होईल सवय.'

जिंकलो.

मुद्द्यावर जिंकलो असतो तर गोष्ट वेगळी. बायकोचं मरण पुढे केलं, म्हणून जिंकलो. त्या आंधळ्या पोराला आता माझ्यासाठी उचक्या ऐकायच्या आहेत आणि वर तोंडातून ब्र काढायचा नाही. लाज वाटते. आणि आनंदही होतो, ते जास्त वाईट.

शेखरला फोन केला. म्हटलं, वहिनी होती तशीच राहिली बघ, कोणाला हात लावू दिला नाही. "बरं," म्हणाला. मग ऑफिसात दुसरा फोन वाजला म्हणून ठेवला.

१४ एप्रिल

जयंती. सकाळी विहारात गेलो. आईने रश्मीची पांढरी साडी नेसली होती, न सांगता. वंदना संध्याने सांगितली. शेजारचीच पोर, रश्मीकडे बालवाडीत होती. छान म्हणाली, कुठे अडली नाही. मला उभं राहवेना, बाहेर येऊन चपलांपाशी थांबलो.

शेखर दरवर्षी येतो आमच्याकडे या दिवशी जेवायला. आला नाही. गेल्या तीन रविवारीही नाही. फोन केला की काम आहे म्हणतो.

२४ एप्रिल, रविवार

शेखर आला. आईने चहा पुढे केला, घेतला नाही. आई आत गेली तसा म्हणाला, "सत्या, एक बोलायचं ऱ्हायलंय. वहिनी असतानाच बोलायला पायजे होतं."

रश्मी असताना तो रविवारी येऊन आवाज तपासायचा. एकदा मी सेल आणायला शहापूरला गेलो होतो. हा कॉम्प्युटरपाशी, ती बाजूला बसलेली. तिने त्याला विचारलं, "भावजी, माझी धाप ऐकू येते ना?"

"मी म्हटलं, नाय वहिनी. तर म्हनाल्या, येते, मला कळतं. यांना सांगू नका, एवढे खूश आहेत. ऑपरेशन झालं की मी सगळं परत बोलून देईन. पण तोवर हे बाहेर कोनाला देऊ नका. लोकांनी मला अशी धापा टाकताना नाय ऐकायची." शेखर हे सांगताना पायातल्या चपलेकडे तोंड करून होता, जसं काय दिसतं त्याला. "आनि तू वहिनी गेल्यावर त्यांचं जलदान झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी पाठवून दिलंस. सगळ्या जगाला. तवा मी काय बोलनार होतो तुला?"

मी विचारलं, मग आता कशाला बोलतोस?

"तू फोनवर सांगितलंस ना, होती तशी ठेवली म्हनून. तवापासून इकडं यायला पाय उचलत नाय. तुला त्या श्वासात वहिनी भेटते, मला म्हाईत हाय रे. पन मला त्यांचं दुखनं ऐकू येतं. रोज. ऑफिसात, दर ओळीला."

मला का नाही सांगितलं तिने? विचारलं त्याला, दोनदा विचारलं. मी नवरा होतो. गोधडीच्या बाहेर मीच बसलेलो असायचो.

"तू लय खूश होतास रे."

मी त्याला चालता हो म्हणालो. ज्याच्यासाठी हे सगळं केलं त्याला! काठी टेकत गेला. जीपपर्यंत पोचवायला नेहमी जातो, आज उठलो नाही. आई गेली त्याच्याबरोबर.

२५ एप्रिल

क्लासला गेलो नाही.

मशीन पहिल्यांदा बोललं तो दिवस सारखा आठवतो. मी टाळ्या वाजवत होतो. ती हसली होती, पदर तोंडावर धरून. मला वाटलं लाजली.

२८ एप्रिल

आई जेवताना म्हणाली, "शेखरची काय चूक हाय?" काही नाही, म्हटलं.

प्रियांकाला लिहिलं, तो पॅच परत पाठव. तासाभरात आला. का म्हणून विचारलं नाही तिने.

१ मे

पॅच लावला. नवं पॅकेज पाठवलं. बग बंद करताना कारण लिहावं लागतं, तिथे लिहिलं — 'आवाज देणाऱ्या बाईंचंही हेच म्हणणं होतं.'

शेखरला फोन लावून रिसीव्हर स्पीकरपाशी धरला. आम्ही दोघांनी ऐकलं. वाक्यामागून वाक्य, रश्मी न थांबता, न दमता बोलत होती. अशी मी तिला कधीच ऐकली नव्हती.