खलातली तपकीर

३ नोव्हेंबर
या वयात नोकरी लागली, देवाची कृपा. एनुगू शहरातल्या टेकडीवर खासगी प्रयोगशाळा आहे, तिथे धुण्यापुसण्याचं काम. खोली कोरडी आहे, कडी नीट बसते. पुन्हा पुन्हा उठून पाहिली. मालकीण डॉक्टर अनेनेबाई. वयाने मोठा म्हणून आल्यागेल्याला देतात ती कोलाची बी फोडण्याआधी तिच्यावर प्रार्थना म्हणायचा मान त्यांनी मलाच दिला. इथे डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक कांड्या बनवतात. त्यांना वीजही हलवते आणि चुंबकही. विजेने त्यांच्यावर लिहिलं की वीज गेली तरी पुसत नाही, असं बाई म्हणाल्या.

११ नोव्हेंबर
तपकीर संपली. बाजारातून तंबाखूची पानं आणून प्रयोगशाळेच्या दगडी खलात कुटली. इतका गुळगुळीत खल आमच्या गावात कुणाकडे नाही. तळाशी थोडी तांबूस पूड होती. तपकिरीसारखीच दिसली, म्हणून राहू दिली. कामावरची उगोन्मा हसून म्हणाली, बाबा, जपून शिंका, पत्रे उडतील.

१९ नोव्हेंबर
कानशिलात मुंग्या येतात. मोठं चुंबक सुरू झालं की मान आपोआप तिकडे वळते. उगोन्माने खल पाहिला आणि तिचा चेहराच उतरला; तळाची ती पूड म्हणजे त्याच कांड्या होत्या. डॉक्टरबाई रागावतील असं वाटलं होतं. त्या खूश झाल्या. दवाखान्यात नेते म्हणाल्या आणि चुंबकापुढच्या खुर्चीत बसवलं. दवाखान्याचं विचारलं तर म्हणाल्या, धीर धरा हो बाबा, पळून चाललाय का दवाखाना.

२४ नोव्हेंबर
त्यांनी कळ फिरवली आणि माझ्या बायकोचं नाव गेलं. चेहरा आहे, नाव नाही. कांड्या मेंदूत ओळीने उभ्या राहिल्यात, उगोन्मा रडत सांगत होती. काचेवर जमलं नाही ते म्हाताऱ्याच्या डोक्यात जमलं, असं बाई फोनवर कुणाला तरी म्हणाल्या, माझ्यादेखत. मी काय पाटी आहे? फाटकापर्यंत गेलो. आत चुंबक सुरू झालं, पाय आपोआप मागे फिरले.

२७ नोव्हेंबर
लाईट गेली. सगळे वीजवाल्यांना शिव्या घालतात, मी एकटा हात जोडतो. तेवढा वेळ तरी काही पुसलं जात नाही. गेलेलं मात्र येत नाही. गाव कुठलं— मुलगे किती—
उगोन्मा म्हणते, आता तुमच्या डोक्यातला राग पुसणार आहेत, तुम्ही खुर्चीत स्वस्थ बसत नाही म्हणून.

२८ नोव्हेंबर
जनरेटरला डिझेल नाही. मला बांधलंय. उजवा हात मोकळा ठेवलाय, नंतर लिहिता येतं का ते बघायला.
बाकी सगळं न्या. राग नका नेऊ. तो आहे तोवर मी मी आहे. अनेने चोर आहे. मी तिच्यावर चिडलोय, कारण तिने माझ्या बायकोचं—
बाहेर आरोळी. लाईट आली. सगळी गल्ली टाळ्या पिटतेय—
मान वळतेय—
बाई फार चांग— नाही. चोर. मी चिड