पाचापैकी किती

आई, तुला जाऊन वीस वर्षं झाली, आणि आज मी तुझ्यावर रागावलोय. लहानपणी मांडवगणात दुसऱ्याच्या पंगतीत मी आमटी खारट म्हणालो, तेव्हा तू ताटाआडून चिमटा काढलास. "वाढलेल्याला नावं ठिवायची न्हाईत." सगळ्या आयांनी तेच शिकवलेलं दिसतंय.

गेल्या आठवड्यात एका कंपनीच्या बाई कासुर्डीला आल्या. बहिऱ्या मुलांसाठी खुणांच्या भाषेतले धडे मोबाइलवर पाठवायचेत. कमी डेटात जावा म्हणून व्हिडिओ दाबून किती लहान केला तर चालेल, हे माणसांनी बघून सांगायचं. प्रत्येक तुकड्याला एक ते पाच गुण. माणसं जमवली मी. संस्कृतच्या मास्तरला दुसरं काम काय असतं? प्रत्यक्ष, म्हणजे डोळ्यांना दिसतं ते, हे पहिलं प्रमाण, असं जन्मभर घोकत आलो. इथं बाईंनी तुकडे भिंतीवर मोठे करून दाखवले, प्रत्यक्ष समोर नाचत होतं आणि कुणी बघेना. सगळ्यात दाबलेल्या तुकड्यात मागचा फळा स्वच्छ, शिकवणारीचा चेहरा ठीक, पण हात हलले की बोटांचं पिठलं.

"पाच," आप्पा म्हणाले.

"आप्पा, बोटं दिसली का?"

"मास्तर, ही पोरगी पुण्यावनं पेढं घिऊन आलीया. तिला दोन देऊ व्हय?"

शेजारच्या मामी म्हणाल्या, "साडीचा काठबी दिसतोय की."

पाच, पाच, पाच. माझं डोकं फिरलं. अरे, त्या पोरांना बोटं हेच शब्द. ती दिसली नाहीत तर उद्या पोरांनाच मठ्ठ म्हणतील, आणि म्हणणारेही हेच असतील.

शेवटी तुझा धाकटा, जमलेल्यांत एकटाच बहिरा. कुरकुंभच्या कारखान्यातली पहिली पाळी संपवून थेट आलेला. त्यानं तो तुकडा दोनदा बघितला, मग हातांनी मला सांगितलं: हे हात नाहीत, धूर आहे. बाईंनी मला विचारलं, "काय म्हणतायत?" बिचारी सकाळपासून उभी होती. सगळे हसून बघत होते.

"चार म्हणतोय," मी म्हणालो.

तो लहानपणापासून माझे ओठ वाचतो, हे तुला माहीत आहे. उठला, मोटारसायकल काढली आणि गेला. आठ दिवस मेसेजला उत्तर नाही.

बाईंचा नंबर माझ्याकडे आहे. निकाल अजून ठरायचाय, एका वाक्यात काम होईल. त्याऐवजी सकाळपासून तुला लिहीत बसलोय, कारण तू फोन उचलणार नाहीस.