सासूबाईंच्या रेडिओचे सेल

ती. कियिंगीदादांस लवान्यागाचा आदबीने नमस्कार. कंपालात तुमची तब्येत, वहिनींचा गुडघा आणि मोटरसायकलचा क्लच ठीक असावेत. इकडे मसाक्याला मी मजेत आहे. तुमच्या आईच्या अंगणातल्या तुमच्याच बंद खोलीत उतरलो आहे (सासूबाईंच्या छपराखाली जावयानं झोपणं किंवा त्यांच्या समोर येऊन बोलणं शोभत नाही, हे तुम्हाला मी काय सांगणार).

घरच्या टॉर्चचे सेल माझ्या हातून फुगले, त्यावरून नाब्बोसा रुसून इथे आली, त्याला आज सतरा दिवस झाले. तिचं एकच म्हणणं, हा माणूस कधी ‘चुकलो’ म्हणत नाही. आता न चुकणाऱ्यानं ते कसं म्हणावं? तिला न्यायला आलो, तर सासूबाईंचा रेडिओ मुका. संध्याकाळच्या निधनवार्ता ऐकल्याशिवाय त्यांच्या घशाखाली उकडलेल्या केळ्यांचं मटोके उतरत नाही. म्हटलं, देवानंच संधी दिली. चार्जर माझ्या पिशवीत असतोच.

विद्या सोपी आहे, दादा. सेलवर जो आकडा छापलेला असतो, फार तर त्याच्या निम्म्या वेगानं भरावं. त्याहून घाई केली की सेल तापतो. माझ्या चार्जरला दोनशे, पाचशे आणि हजार असे तीन वेग आहेत. सासूबाईंनी सेल फडक्यात गुंडाळून नाब्बोसाच्या हाती पाठवले. तिनं खिडकीतून विचारलं, "आई विचारतेय, जमेल ना?" "अगं, झोपेतसुद्धा जमेल," मी म्हणालो. आता सासूबाईंच्या हातची वस्तू जावयानं उलटीपालटी करून न्याहाळणं बरं दिसतं का? मी तोंड भिंतीकडे करून, चाचपून चारही सेल बसवले. माझे स्वतःचे दोन हजाराचे असतात, तेव्हा त्यांचेही तसेच असणार. निम्मे म्हणजे हजार, तोच वेग लावला.

ते सहाशेचे निघाले (सौर कंदिलातले, स्वस्तातले). असे तापले, की हातात धरवेनात. तरी रेडिओ बोलला, हे लक्षात घ्या! निवेदक म्हणाला, कालिसिझोचे ज्येष्ठ, सर्वांचे लाडके काका, श्री... आणि गप्प. तेव्हापासून सासूबाई कालिसिझो गावातल्या आपल्या तीन काकांसाठी पाळीपाळीनं रडताहेत. बारा वर्षांत जे घडलं नव्हतं ते घडलं, दाराआडून त्या स्वतः माझ्याशी बोलल्या: "जावईबापू, माणूस गेला तो गेला, त्याचं नाव तरी ऐकू द्यायचं होतंत!"

बाकी सर्व क्षेम. वेग मी बरोबरच निवडला होता, सेल चुकीचे होते. मुलांना आशीर्वाद.

ता. क. दोन हजाराचे चार सेल मिळेल त्या टॅक्सीबरोबर पाठवा.

ता. क. २. सेल राहू द्या. नाब्बोसाला फोन करून एवढंच सांगा, की मी चुकलो. आकडा बघायला हवा होता. टॉर्चच्या वेळीही बघायला हवा होता. मला तिच्यासमोर ते म्हणवत नाही, आणि तिच्यावाचून घर खायला उठतं.

(खाली वेगळ्या अक्षरात)

दादा, पाकीट चिकटवायला यांनी माझ्याकडेच दिलं. फोन करू नकोस. वारलेले काका आपले कोणी नव्हेत, शेजारी विचारून आले. दोन हजाराचे सेल बाजारातून आणून सलूनवाल्याच्या चार्जरवर पाचशेनं भरायला ठेवलेत. आईला सांगणार आहे, जावयानंच केलं. उद्या सकाळी आम्ही घरी निघतो. यांना अजून सांगितलेलं नाही, आजचा दिवस जरा झुरू देत.

नाब्बोसा