पगार आहे तोवर वाजणारा रेडिओ

तेर,
११ जानेवारी २००९

चि. योगीराज यास महानंदाताईचे अ. उ. आ.

वि. वि. आम्ही दोघी बऱ्या आहोत. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोन आईच्या उशाशी असतो आणि डोळे गेल्यापासून तिचे कान भलतेच तिखट झाले आहेत.

तुझ्या सॅटेलाइट रेडिओच्या वर्गणीचं वर्ष या महिनाअखेर संपतंय, असा उस्मानाबादच्या दुकानदाराचा निरोप आला. माझं ऐकशील तर आता पुरे कर. आकाशवाणी फुकट आहे, तिच्यावरही भजनं लागतात. पैसे भरून गाणी ऐकणारं अख्ख्या तेरमध्ये आपलंच एक घर असेल. शेजारच्या कडूबाई विचारत होत्या, की गाण्याचं बिल येतंय, तर उद्या वाऱ्याचंही येईल का! पेपरात रोज मंदीच्या बातम्या. कुठं पाळ्या बंद, कुठं माणसं कमी. माझ्याकडंही आता नवं शिवायला कोणी टाकत नाही, जुनंच उसवून बेतात बसवून मागतात. तुझ्या कारखान्यात सगळं ठीक आहे ना? दिवाळीला आला नाहीस, तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

गच्चीवरची रेडिओच्या अँटेनाची पाटी वानरांनी फिरवली होती. शिडी चढून मी ती पुन्हा आभाळाकडं नीट केली. या वयात मला शिडीवर चढवलंस, हे मी विसरणार नाही.

रागावते तेवढीच मायाही आहे, हे ध्यानात असू दे.

तुझी ताई


भोसरी,
१९ जानेवारी २००९

ती. ताईस योगीराजचा शि. सा. न.

वि. वि. तुझं पत्र वाचून दोन दिवस उत्तर लिहायचा धीर झाला नाही. ताई, दिवाळीच्या आधीच कारखान्यानं आम्हा कंत्राटी कामगारांना ब्रेक दिला, म्हणजे घरी बसवलं. रोज सकाळी गेटागेटावर विचारत फिरतो. सगळीकडं एकच उत्तर मिळतं.

रेडिओचं तू म्हणतेस ते मलाही पटतं. अशा दिवसांत तो चैनीचाच आहे. पण तो बसवला तेव्हा आईनं विचारलं होतं, की एवढ्या लांब तू बरा आहेस का नाही, हे मला आंधळीला कसं कळायचं. मी थट्टेत म्हणालो, की माझा पगार आहे तोवर हा वाजेल; बंद पडला की समज, नोकरी गेली. मी बोलून विसरलो, ती विसरली नाही. डोळा उघडला की आधी रेडिओ लावायला सांगते, असं तूच लिहिलं होतंस. ती गाणी ऐकत नाही ताई, माझी नोकरी ऐकते.

म्हणून काहीही करून वर्षाचे भरीन. थोडा उशीर होईल. तेवढे दिवस सांभाळून घे, आणि आईला यातलं काही कळू देऊ नकोस.

तुझ्या मायेवरच दिवस ढकलणारा,
योगी


तेर,
१५ फेब्रुवारी २००९

चि. योगीराज यास अ. उ. आ.

वि. वि. सांभाळून घे म्हणणं सोपं असतं. रेडिओ बंद झाला तशी मी आईला सांगितलं, की लोडशेडिंग वाढलंय. तिनं जरा वेळ कान दिला आणि विचारलं, की लाईट न्हाय, तर समोरची पिठाची गिरणी कशावर चाललीय. मग सेट बिघडलाय म्हणाले. तेव्हापासून ती अर्ध्या भाकरीवर आली. कडूबाईंना म्हणाली, की लेकरू तिकडं उपाशी असंल.

परवा एकदम गाणं सुरू झालं. आई उठून बसली, पुरी भाकरी खाल्ली आणि मला वेणी घालायला सांगितली. मी आत जाऊन पोटभर रडले.

हा रेडिओ परवडतो का, हे आता मी विचारणार नाही. पण पैसे कुठून आणलेस? मोटरसायकल विकलीस ना? खरं लिही. त्यापेक्षा इकडं ये. जे आहे ते तिघं खाऊ.

वाट बघते आहे, एवढं पुरे.

तुझी ताई


भोसरी,
२६ डिसेंबर २००९

ती. ताईस शि. सा. न.

वि. वि. वर्षभर तू बोलावतेस आणि मी टाळतो. मोटरसायकल विकली, हे तू तेव्हाच ओळखलंस. मध्ये रखवालदारी मिळाली, ती गेली. गोदामातलं काम दसऱ्यापर्यंतच टिकलं.

आता नवीनच ऐक. रेडिओची कंपनीच बुडाली. ३१ तारखेला सगळ्या देशात तो बंद होणार आहे. पुढच्या वर्षाचे पैसे मी गेल्याच महिन्यात भरले होते. लवकर भरणाऱ्याला सवलत होती, म्हणून खानावळ एका वेळेवर आणली होती. ते आता परत मिळतील असं वाटत नाही.

त्या सेटवर साधं एफएमही लागतं. एक तारखेला सकाळी गुपचूप आकाशवाणी लाव. भजनच लागलं, तर आईला फरक कळायचा नाही. मी आलो, तर माझ्या अंगावरून हात फिरवताच तिला सगळं कळेल. नोकरी लागल्याशिवाय येणार नाही. लागेल असं आता वाटतही नाही.

रागावलीस तरी तोडू नकोस.

योगी


तेर,
६ जानेवारी २०१०

चि. योगीराज यास अ. उ. आ.

वि. वि. आईला कळलं. एक तारखेला आकाशवाणी लावली. पहिलं भजन नीट पार पडलं. मग हरभऱ्यावर फवारायच्या औषधाची जाहिरात लागली. तुझ्या रेडिओवर जाहिरात कधीच नसायची, हे तुलाही सुचलं नाही आणि मलाही. आईनं हातानंच थांब म्हणून खुणावलं आणि विचारलं, की योगीची नोकरी कधी गेली.

मी शपथ घेऊन सांगितलं, की त्यानं पैसे भरलेत, कंपनीच बंद पडलीय. तिला पटलं नाही. म्हणाली, की आभाळात यंत्र टांगणारी एवढी मोठी कंपनी कशी बंद पडंल, भावाला झाकायला काहीबी सांगतीस. कंपनीचं मी खरं सांगितलं होतं, पण नोकरीचं तिनं बरोबर ओळखलं होतं.

दुपारी कडूबाई आल्या, तेव्हा आईनं मला आवाज मोठा करायला सांगितला आणि त्यांना म्हणाली, की योगीच्या रेडिओवर आता जाहिराती बी लागत्यात.

खालचा मजकूर तिनं सांगितला आहे. यापलीकडं एक अक्षर लिहायचं नाही, अशी ताकीद होती. मी वर एवढं लिहिलं, ते तिला दिसणार नाही. हे सांगत होती तेव्हा सकाळचं ताट तसंच शेजारी होतं.

चि. योगीला आईचा आशीर्वाद. तुझा रेडिओ झ्याक वाजतोय. दिवसभर गाणी चालू असत्यात. म्या पोटभर जेवती. माझी काळजी करू नगंस.