ढगांचं रेटिंग वाचवताना

३ ऑक्टोबर
आजपासून रोज लिहायचं. मोहिमेची नोंद राहायला हवी. युरोपातल्या साहेबांना आमचं ढगांचं रेटिंग बंद करायचंय. हौशी वैमानिकाने नुसते समोरच्या यंत्रांचे काटे बघून ढगातून सुखरूप बाहेर पडायचं, एवढीच ती परवानगी. फक्त ब्रिटनमध्ये मिळते, म्हणून खुपते. आमच्या विमान क्लबने समिती नेमली. अध्यक्ष मी, एकमताने. दुसरं कोणी उभं राहिलं नाही.

९ ऑक्टोबर
भाषण तयार. सुरुवात मॉरिस पेनफोल्डपासून. माझा जिवलग मित्र, चार वर्षांपूर्वी ढगात वाट चुकून वेल्सच्या डोंगरावर विमान आपटून गेला. रेटिंग असतं तर आज आमच्यात असता. वाचताना मलाच रुमाल काढावा लागला. परिणामकारक.
ब्रिजेट आमची मुख्य प्रशिक्षक, परीक्षाही तीच घेते. म्हणाली, "भाषण झकास. पण अध्यक्षमहाराज, तुमचं स्वतःचं रेटिंग जूनमध्येच संपलंय." म्हटलं, पुढच्या आठवड्यात परीक्षा देतो. नक्की.

१७ ऑक्टोबर
सर्दी. परीक्षा पुढे.

२६ ऑक्टोबर, दुपार
ब्रिजेटबरोबर सराव. डोक्यावर झापड लावतात, बाहेरचं काही दिसत नाही, फक्त काटे. अकरा मिनिटं उत्तम उडवलं. मग हेडफोनमध्ये मॉरिस. अगदी स्पष्ट. "लेन, पातळ आहे का रे?"
ब्रिजेटला विचारलं, काही म्हणालीस का. म्हणाली, पाच मिनिटं तोंड उघडलेलं नाही, आणि तू डावीकडे कलंडतोयस.
हेडफोन जुने झालेत. नवे मागवले.

५ नोव्हेंबर
नवे हेडफोन. आवाज फारच स्वच्छ. परीक्षा पुढे, एकशे सहा खासदारांना पत्रं लिहायचीत, माणूस एक.

१२ नोव्हेंबर
अ‍ॅव्हरिलकडे, म्हणजे मॉरिसच्या बायकोकडे. रेटिंग वाचवण्याच्या अर्जावर पहिली सही तिची हवी. तिने भाषण दोनदा वाचलं. म्हणाली, "मॉरिस घाबरट होता, लेन. टाय घेतानासुद्धा दुकानात चार जणांना विचारायचा. तो आपणहून ढगात शिरेल कसा?"
म्हटलं, डोंगरातली हवा, क्षणात बदलते. तिने सही केली. पेन बराच वेळ हातात धरून बसली होती.

१३ नोव्हेंबर
झोप नीट नाही. एकदाच लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल. त्या दिवशी आम्ही किनाऱ्यावरून परतत होतो, दोन विमानं. मी पुढे. माझ्याकडे रेटिंग होतं, मी ढगात शिरलो, चार मिनिटांत वर उन्हात. मॉरिसने मागून रेडिओवर विचारलं, पातळ आहे का. मी म्हणालो, "पातळ आहे, ये मागोमाग." माझ्यापुरता पातळच होता. मी शिरलो तिथे. तो कुठे शिरला, मला काय ठाऊक. नंतर दोनदा हाक मारली त्याने, मी उत्तर दिलं असतं, पण तेव्हा मी काटे बघत होतो.
अपघाताच्या चौकशीत कोणी विचारलं नाही. न विचारलेलं सांगणं म्हणजे अधिकाऱ्यांच्या कामात लुडबुड.

१४ नोव्हेंबर
डोक्यातून गेलं नाही. सकाळी किटली तापत असतानासुद्धा ऐकू आलं. कानांच्या डॉक्टरांकडे गेलो. म्हणाले, या वयाला कान उत्तम आहेत.

२३ नोव्हेंबर
लंडनला सभा. मंडळी खूप बोलली, माझं भाषण वेळेअभावी राहिलं. लेखी देऊन आलो. तिथल्या कारकून बाईंनी ढिगावर ठेवलं. ढीग मोठा होता, म्हणजे मोहिमेला जोर आहे.

२ डिसेंबर
जिंकलो. रेटिंग राहणार. ज्यांचं आज चालू आहे, त्यांच्यासाठी कायम. ज्यांचं संपलंय त्यांना शेवटची मुदत: महिनाअखेरपर्यंत परीक्षा.
क्लबमध्ये माझ्या नावाने टाळ्या. ब्रिजेट शांतपणे म्हणाली, "शनिवारी ये. झापड नको, खरा ढग. मी शेजारी असेन." हो म्हटलं.

५ डिसेंबर, शनिवार
ढगाच्या तळापर्यंत गेलो. खिडकीला पहिलं पांढरं धुकं लागलं आणि हात आपोआप विमान वळवून बसले. उतरल्यावर ब्रिजेट म्हणाली, "लेन, तुला कशाची भीती आहे ते मला सांगू नकोस. पण ज्याला सांगायला हवं त्याला सांग."
बाईला काय कळतंय. इंजिनाचा आवाज मला खरंच वेगळा वाटला होता.

६ डिसेंबर
अ‍ॅव्हरिलकडे गेलो. सगळं सांगायचं, असं ठरवूनच. वाटेत वाक्यंही जुळवली. तिने चहा दिला, जिंकल्याबद्दल अभिनंदन केलं. मी घसा खाकरला, तेवढ्यात तिनेच विचारलं, "त्या दिवशी पुढे तूच होतास ना? त्याने तुला विचारलं असणार."
म्हणालो, माझा रेडिओ बिघडला होता.
तिने मान हलवली. माझा कप उचलला, अर्धा चहा होता त्यात, सिंकमध्ये ओतला, विसळून उपडा ठेवला. मग माझा कोट आणून हातात दिला.
दमली असावी.