चिविलो : पाहा सुल्का, रुफिनो

प्रिय तेओदोसियाताई,

तू पाठवलेलं चीज आणि भाजलेला मका पोचला. अर्धा मका आमच्या संपादकानंच, अबेलार्दोनं फस्त केला, आणि वर मलाच म्हणतो, "बाई, खाणं पुरे, सूचीकडे बघा!" मेला! बेपत्ता माणसांवरच्या या जाडजूड अहवालाच्या शेवटची नावांची सूची मी एकटी करतेय, आणि हा त्यातली टोपणनावं उडवायला निघालाय. पानं वाढतात म्हणे. मी चांगलंच खडसावलं. म्हटलं, "आमच्या डोंगरातल्या आया कागदावरच्या नावानं पोरं शोधणार आहेत का? हाक मारायच्या त्याच नावानं शोधणार." मग टोपणनावं राहिली.

आमची रीत साधी आहे. एका माणसाची दोन नावं असली, की सगळी पानं एका नावापुढे द्यायची आणि दुसऱ्यापुढे ‘पाहा’ लिहून तिकडे धाडायचं. धाडलं तिथं माणूस सापडलाच पाहिजे. तिथंही ‘पाहा’ लिहून पुन्हा पहिल्याकडे पाठवलं, तर आमच्यात त्याहून मोठं पाप नाही. आठवतं? रुफिनोला शोधत फिरायचीस तेव्हा लष्कराच्या छावणीवाले म्हणायचे ठाण्यात पाहा, ठाणेवाले म्हणायचे छावणीत पाहा. तुझ्या चपला झिजल्या गं. मला अजून चीड येते.

आपल्या रुफिनोचं नाव अहवालात एकाच ठिकाणी आहे. सुल्का, रुफिनो, बेपत्ता. तू सांगितलंस तेवढंच. मृतांच्या दिवशी घरोघर गेलेल्यांच्या नावानं पाव भाजतात, तू मात्र त्याच्या नावाचा भाजत नाहीस, शेजारणीनं आणला तर दारातूनच हाकलतेस. "माझा पोरगा जिवंत आहे, चालती हो!" म्हणतेस. मी तुला कधी अडवलं नाही.

ताई, आता खाली बसून वाच. छावणीतून सुटलेल्या एकाच्या जबानीत चिविलो नावाचा पोरगा आहे. पुढचा दात तुटलेला. कोठडीत शीळ घालून बाकीच्यांना धीर द्यायचा. एका पहाटे शीळ ऐकू आली नाही. त्याला विहिरीमागे पुरलं. तो कोण, हे अहवाल लिहिणाऱ्यांना कळलं नाही. कसं कळणार? चिविलो पाखरासारखा सदा शीळ घालायचा म्हणून ते नाव मीच ठेवलं होतं, आणि आपल्या घराबाहेर कुणी घेत नव्हतं. सोमवारी पानं छापायला जातात. ‘चिविलो’पुढे मी ‘पाहा सुल्का, रुफिनो’ लिहिलंय, आणि रुफिनोपुढे विहिरीचं पान. लिहिताना खूप रडले. पुस्तक गावात आल्यावर चारचौघांत हे तुझ्या नजरेस पडू नये, म्हणून हे पत्र. आता तुला आणखी कुठं पाहायला जायचं नाही. यंदा त्याचा पाव मी भाजून आणते. मला दारातून परत पाठवू नकोस.

तुझीच धाकटी,
एर्लिंदा