डिस्क चालत नाही, फार आभारी आहे

तीर्थस्वरूप आत्याबाईंना,

सुनेचा वाकून नमस्कार. (खरोखरच वाकून बसले आहे, कारण टेबलावर बाबांनी स्क्रू-ड्रायव्हर, वायरी आणि एका उघड्या रिमोटचे अवयव मांडून ठेवलेत, त्यामुळे मी स्टुलावर वही ठेवून लिहिते आहे.) तुमचे गुडघे कसे आहेत? डावा आता उजव्याचं थोडंफार ऐकतो का? आमच्याकडे सगळे ठणठणीत. फोन सोडून हिने पत्र का लिहिलं, असं तुमच्या मनात येईल. रागावू नका, पण फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तुम्ही मनाने भरता. मागच्या खेपेला माझी साधी दाढ दुखत होती, तर तुमच्या मैत्रिणींपर्यंत पोचेस्तोवर माझं मोठं ऑपरेशन होऊन गेलं होतं आणि मला दोन चौकशीची पत्रं आली. आज सांगायचं आहे ते तसं होऊन चालणार नाही.

तर आधी मनापासून आभार. तुम्ही पाठवलेली डिस्क निळ्या डबीत, ओरखडासुद्धा न उमटता पोचली. आणि ती आमच्याकडे चालत नाही. घाबरू नका, दोष तुमचा नाही, भावजींचाही नाही. तुमच्या चिरंजीवांनी आतोबांच्या सिने-कॅमेऱ्याची जुनी रिळं इतक्या कष्टाने शोधून, चांगल्यातल्या चांगल्या डिस्कवर उतरवून घेतली. झालं असं, की साध्या डीव्हीडीनंतर जास्त स्वच्छ चित्राच्या डिस्क निघाल्या त्या एक नाही, दोन प्रकारच्या निघाल्या. एक एचडी डीव्हीडी, दुसरी ब्लू-रे. दिसायला सख्ख्या बहिणी, पण एकीच्या प्लेअरमध्ये दुसरी पाऊल टाकायची नाही. मोठमोठ्या कंपन्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या आणि शहाणी माणसं कोण जिंकतं ते बघत घरी बसली. बाबा बसले नाहीत. त्यांनी एचडी डीव्हीडीचा प्लेअर आणला. तुम्हाला तुमचे बंधू माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत, तेव्हा पुढे काय झालं असेल याचा अंदाज तुम्हाला आलाच असेल, तरी सांगते.

बाबांची निवड उगीच नव्हती. सारा जन्म तारऑफिसात गेलेला माणूस. लोकांच्या लांबलचक सुखदुःखातून शब्द कमी करून देणं हेच त्यांचं काम होतं. या नव्या डिस्कमध्ये चित्रं दाबून कशी भरतात हे त्यांनी मासिकात वाचलं आणि हरखून गेले. त्यांनी मला समजावलं ते असं: सिनेमात माणूस भिंतीसमोरून चालत गेला, तर प्रत्येक चित्रात भिंत पुन्हा पुन्हा लिहीत बसायचं नाही. भिंत एकदाच लिहायची, पुढे फक्त काय बदललं तेवढं लिहायचं. (तेव्हापासून जेवण कसं झालं विचारलं की उत्तर येतं, ‘कालच्यासारखं. मीठ वाढलं.’) त्यांच्या डिस्कमध्ये जागा कमी, पण बांधणी घट्ट, म्हणून तीच खरी, असं त्यांचं मत. आता वरच्या मजल्यावरचे काका तुम्ही आमच्याकडे पाहिलेत, ते उंच, हात मागे बांधून चालणारे. त्यांचा सारा जन्म गोदामात गेला. त्यांच्या मते माल दाबून भरला की कोपरे मोडतात, तेव्हा आधी जागा बघावी, आणि ब्लू-रेत जागा दीडपटीहून जास्त. त्यांनी ब्लू-रे आणला. (दाबून भरायच्या नव्या युक्त्या दोन्ही डिस्कना सारख्याच लागू पडतात, असं तुमच्या भाच्याने मला मागाहून सांगितलं. हे त्या दोघांना वेळेवर का नाही सांगितलं, विचारलं तर म्हणतो, मला कोणी विचारलं नाही.)

एका दुपारी शब्दाने शब्द वाढला. ज्याला नीट बांधता येत नाही तोच मोठं गोदाम मागतो, असं बाबा बोलून गेले. ज्याच्या घरात जागा नसते तो अडचणीलाच कला म्हणतो, असं काका बोलून गेले. काका उठले, चपला घातल्या, आणि जे वर गेले ते चौदा महिने खाली आले नाहीत. पुढे बाबांच्या डिस्कचं उत्पादन बंद होत असल्याची बातमी पेपरात आली. काकांनी चकार शब्द काढला नाही. हा गप्प राहून हसतोय, असं बाबांनी ठरवून टाकलं.

आत्याबाई, हे हसून लिहिते आहे, पण तेव्हा हसू येत नव्हतं. आई गेल्यानंतर बाबांना बोलायला ते एकच माणूस होतं. रोज चार वाजता काका यायचे म्हणून बाबा साडेतीनला दाढी करायचे. काका यायचे थांबले तशी दाढी तीन-तीन दिवस राहायला लागली. मी एकदा सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्यांचे शब्द मोजले. एकोणीस भरले, आणि त्यातले सहा टीव्हीला उद्देशून होते. मला फार भीती वाटायला लागली होती.

अशात तुमची डिस्क आली. तुम्ही सोबत लिहिलं होतं, सोळा मिनिटं आहेत, जुन्या घराचा जिना आहे, आणि वहिनी आहे. बाबांनी ती चिठ्ठी दोनदा वाचली, हात धुतले आणि डिस्क प्लेअरमध्ये घातली. ‘ही डिस्क वाचता येत नाही’ असं पडद्यावर आलं. मग चष्म्याच्या फडक्याने पुसून झाली. उलटी घालून झाली. प्रवासाने गारठली असेल म्हणून अर्धा तास उन्हाजवळ (उन्हात नाही, उन्हाजवळ) ठेवून झाली. मग प्लेअर उघडला. त्यात काही सापडेना म्हणून रिमोट उघडला. बिचाऱ्या रिमोटचा काय संबंध, पण तो हाताशी होता. शेवटी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने डबीचा निळा रंग बघितला, बाबांकडे बघितलं, आणि सांगितलं, की ही ब्लू-रे आहे, इथे चालायची नाही, वरच्या काकांकडे चालेल, त्यांचा प्लेअर मीच जोडून दिलाय. बाबा म्हणाले, मग दोष डिस्कचा. आणि त्याला जिन्यापर्यंत पोचवून आले.

नऊ दिवस ती डबी टीव्हीवर होती. मी डिस्क घेऊन वर जाऊ का विचारलं, तर ‘नको’. तुमच्या भाच्याने विचारलं, तर तेही नाही. पण डबीवरची धूळ रोज स्वतः पुसायचे. हलणारी-बोलणारी आई दुसरीकडे कुठेच नाही हो, भिंतीवर तो एक फोटो, त्यातही पासपोर्टला बसल्यासारखी. आई एक मजला वर होती आणि मध्ये आमच्या तारमास्तरांचा हट्ट होता.

दहाव्या दिवशी बाबांनी खाली जाऊन काकांच्या पत्रपेटीत चिठ्ठी टाकली. मजकूर मला पाठ आहे: ‘डिस्क एक. पत्नीची. मिनिटं सोळा. यंत्र आपलं. कळवावे.’ तासाभरात उत्तर आलं, तीन फुलस्केप पानं, पाठपोट. कोणती वेळ सोयीची, चार वाजता खिडकीतून ऊन पडद्यावर कसं येतं आणि पडदा कुठवर ओढावा लागतो, काकूंचा खोकला किती उरलाय, जिन्याची सातवी पायरी सुटलीय तेव्हा डाव्या बाजूने यावं, जादा चष्मा कोणत्या खणात आहे, सगळं. गोदामातल्या मालाची यादीच. आणि शेवटच्या पानाच्या अगदी तळाशी, जागा उरली नव्हती म्हणून बारीक अक्षरात, की तुमची खुर्ची आम्ही जागची हलवलेली नाही. बाबांनी ते पान घडी करून खिशात ठेवलं आणि साडेतीनला दाढी केली.

आम्ही सगळेच वर गेलो. आवाज नव्हता, नुसतं चित्र. आई बादली घेऊन जिना उतरते, कॅमेरा दिसल्यावर आतोबांना हाताने हाकलते, मग हसू आवरेना म्हणून पायरीवरच बसते. तेवीस वर्षांची! तिच्या कानातला डूल हललेला दिसत होता, आत्याबाई. बाबांनी चष्मा काढला तो परत घातलाच नाही, त्यामुळे त्यांना पुढचं काही दिसलं नाही आणि सगळं पहिल्यापासून लावावं लागलं. दुसऱ्या वेळेला ते हळूच म्हणाले, ‘मागची भिंत एकदाच लिहिली असेल. बाकीची सगळी जागा हिला दिली.’ मग काकांनी घसा खाकरला आणि म्हणाले, ‘म्हणूनच म्हणतो, जागा लागते हो तारमास्तर.’ बाबा म्हणाले, ‘जागा नाही, बांधणी.’ आणि दोघांची जी जुंपली, ती काकूंनी दोनदा चहा केला तरी मिटेना. भांडण ऐकून डोळे भरून यायची माझी पहिलीच वेळ.

आता बाबा रोज चारला डिस्क घेऊन वर जातात आणि सहाला ती घेऊन खाली येतात. (तिथे ठेवत नाहीत. गोदामात मागे पडेल म्हणतात.) काल जेवताना त्यांनी ‘आणि’ वापरून एक लांब वाक्य पूर्ण केलं. तुमचे आणि भावजींचे उपकार कसे फेडू कळत नाही. आतोबा असते तर त्यांच्या त्या कॅमेऱ्यालाच नमस्कार केला असता.

तुमची,
सून

ता. क. गुडघ्याचा पट्टा वेगळ्या पार्सलने पाठवला आहे. रुंद बाजू वर.

ता. क. दुसरा. खरं कारण आता लिहिते. तुमच्या भाच्याने उत्साहाच्या भरात भावजींना कळवलंय, की आमच्या प्लेअरमध्ये चालेल अशी साध्या डीव्हीडीची प्रत पाठवा, बाबांना घरबसल्या बघता येईल. हात जोडते, ती पाठवू नका. रिळं हरवली म्हणा, यंत्र बिघडलं म्हणा. अशी प्रत निघू शकते हे बाबांना माहीत नाही, आणि त्यांना ते कळता कामा नये.

(पाकिटाच्या आतल्या बाजूला, वेगळ्या अक्षरात:)
ताई. पत्र टाकायला माझ्याकडे दिलं. वाचलं नाही. साधी प्रत निघते, ठाऊक होतं. पाठवू नये. सूनबाईस कळवू नये.